फोन वाजत नाही तेव्हा

‘काम यायचे थांबले की माणसाची किंमतही संपते का?’ हा प्रश्न मला निवृत्त शिक्षकांपासून इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांपर्यंत अनेकांनी विचारला आहे. परंतु तो सर्वांत अधिक वेदनेने मांडला एका चरित्र अभिनेत्याने. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, हा अनुभव लिहीत आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्या पत्नी त्यांना समुपदेशनासाठी माझ्याकडे घेऊन आल्या. वय अठ्ठावन्न. मराठी चित्रपटांत आणि मालिकांत कधी पाटील, कधी फौजदार, कधी नायिकेचा बाप अशी जवळजवळ तीस वर्षे त्यांनी काढली होती आणि गेली दोन वर्षे ते घरीच होते. फोन त्यांनी टेबलावर उताणा ठेवला होता आणि बोलता बोलता दर दोन-तीन मिनिटांनी नजर तिकडे जात होती. भरघोस मिशा त्यांनी कापल्या नव्हत्या, कारण पाटलाच्या भूमिकेसाठी बोलावणे आले तर मिशा हव्यात.

“पिक्चर पडला तर हिरो पडतो, मॅडम,” ते म्हणाले. “आमचं काय पडतच नाही. नुसता फोन यायचा बंद होतो.”

पहिल्याच भेटीत मी त्यांना अभिनयाचे वर्ग घेण्याचे सुचवले. त्यांनी मान डोलावली आणि पुढचे तीन आठवडे ते फिरकले नाहीत. चूक माझी होती. माणसाचे दुःख पुरते ऐकून घेण्याआधी त्याला उपाय सांगितला, की ते दुःख आपण मोडीत काढले असे त्याला वाटते.

ते परत आले तेव्हा नाट्यगृहाविषयी बोलले. १९१५ मध्ये उभे राहिलेले आपल्या कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. राज्य नाट्य स्पर्धेत ते प्रथम उभे राहिले ते त्याच रंगमंचावर, आणि त्या रात्री ते पहाटेपर्यंत रस्त्यावर उभे होते. चित्रपटांत लोकांनी त्यांना ‘पाटील’ म्हणूनच ओळखले. स्वतःच्या नावाने टाळ्या मिळाल्या त्या फक्त तिथे. कोल्हापूरच्याच गणपत पाटील यांचा विषय त्यांनीच काढला. तमाशापटांतील नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा पुरुष, गणपतरावांनी इतका जिवंत केला की ती प्रतिमा पडद्याबाहेरही त्यांना चिकटली आणि घरसंसार असलेल्या त्या कलावंताला लोकांच्या नजरा सोसाव्या लागल्या. चरित्र अभिनेत्याची भरभराटसुद्धा अशी भूमिकेच्या नावावर जमा होते, हे मला त्या दिवशी नीट समजले.

खरे वळण मिळाले ते पत्नीने ट्रंकेतून काढलेल्या जुन्या डायऱ्यांमुळे. चित्रीकरणाचे दिवस त्यांनी लाल शाईने नोंदवले होते. ज्या वर्षाला ते आपल्या यशाचे शिखर मानत होते, त्या वर्षाचे लाल दिवस आम्ही दोघांनी मिळून मोजले, तेव्हा ते ८३ भरले. म्हणजे उरलेले २८२ दिवस त्या वर्षीही फोन शांतच होता. मात्र मालिकांचे मानधन दिवसाच्या हिशेबाने ठरते आणि साधारण ९० दिवसांनी हाती येते, त्यामुळे रिकाम्या महिन्यांतही पैसे येत राहत आणि रिकामपण जाणवत नसे. ते बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले. प्रतीक्षा हा त्यांच्या व्यवसायाचा भागच होता. अलीकडे तेवढीच उरली होती आणि तिलाच ते स्वतःचे अपयश समजू लागले होते.

मात्र डायरीने सगळे सुटले नाही. झोप उडालेली होती, जेवणावर वासना नव्हती, आणि हे कित्येक आठवडे चालले होते. अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर केवळ बोलण्यावर विसंबू नये. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले आणि औषधांचा उपयोग झाला. रात्री-अपरात्री मन फार खचले तर सरकारची ‘टेली मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, हेही कुटुंबाला सांगून ठेवले.

फोन पाहण्याच्या वेळा आम्ही सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहा अशा ठरवल्या. मधल्या वेळात रोज एक नाट्यप्रवेश मोठ्याने वाचायचा, कोणासाठी नव्हे, आवाज मोकळा राहावा म्हणून. मिशांना मी हात लावला नाही. त्यांनी आशा सोडावी, असे मला कधीच वाटले नव्हते.

घरच्यांकडे मात्र एक गोष्ट आग्रहाने मागितली. “काही काम आलं का?” हा प्रश्न मायेपोटीच विचारला जातो, पण ऐकणाऱ्याला तो दररोजचा नापासाचा शेरा वाटतो. त्यांच्या पत्नीने तो विचारणे बंद केले आहे. आता जेवायला वाढताना त्या विचारतात, “आज काय वाचलासा?”