दुःखातल्या घरात मांजर असेल तर

तुमच्या घरातलं माणूस गेलंय आणि त्यांची मांजर मागे राहिलीय. तिला लगेच दुसऱ्या कुणाकडे देऊ नका, एवढं कळकळीने सांगते. तिचं खाणं, पाणी, मातीचा ट्रे ठरल्या वेळीच करा. कुणाला उठावंसंही वाटत नाही अशा दिवसांत तेवढ्या कामाने माणूस अंथरुणातून बाहेर येतं. मुलं मोठ्यांशी जे बोलत नाहीत ते मांजरीशी बोलतात. बोलू द्या, मध्ये पडू नका. तिला जबरदस्तीने मांडीवर मात्र घेऊ नका, ती आपणहून येईल.

तीही शोधत असते. दाराशी बसेल, रात्री ओरडेल, कमी खाईल. गेलेल्या माणसाची एखादी न धुतलेली चादर तिच्या जागेवर ठेवा. ओळखीच्या वासाने बऱ्याच मांजरी शांत होतात. पण पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, डॉक्टर गाठा. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साठते, आणि ते जिवावर बेतू शकतं.

आणखी एक, फार महत्त्वाचं: भेटायला येणाऱ्यांच्या पुष्पगुच्छात लिली असेल तर ती घरात ठेवूच नका. तिचे परागकण किंवा फुलदाणीतलं पाणी पोटात गेलं तरी मांजरीची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.