दिसणारी रिळे आणि मोजली जाणारी रिळे

चिरंजीव विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

संख्याशास्त्राची पदवी हाती पडते न पडते तोच स्लॉट मशीनची, म्हणजे पैसे लावून चित्रांची रिळे फिरवण्याच्या जुगारी यंत्रांची, गणिते मांडणाऱ्या कंपनीकडून तुला नोकरीचे पत्र आले आणि ते स्वीकारावे की नाही, असे तू विचारले आहेस. नुसते हो किंवा नाही म्हणणे मला योग्य वाटत नाही. या यंत्रात डोळ्यांना जे दिसते आणि आत जे मोजले जाते, ते एके काळी एकच होते. ते वेगळे कसे झाले हे नीट समजून घेतल्याशिवाय आपण कोणत्या कामाला हात घालतो आहोत, हे तुला कळणार नाही.

1891 च्या सुमारास ब्रुकलिनच्या सिटमन आणि पिट या कंपनीने पाच ड्रमवर पत्त्यांची चित्रे लावून पोकर या पत्त्यांच्या खेळाचे यंत्र केले. 52 ऐवजी 50 च पत्ते ठेवण्याची रीत होती. इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम बहुधा वगळत. त्यामुळे रॉयल फ्लशचे, म्हणजे एकाच रंगाच्या दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या सर्वांत मोठ्या हाताचे, चारपैकी दोन प्रकार लागणेच अशक्य होई. लबाडी होती खरी, पण ड्रमवरची चित्रे पाहणाऱ्या कोणालाही ती मोजून काढता येण्यासारखी होती. पोकरमधील जोड्या इतक्या की त्या यंत्राला स्वतःहून बक्षीस देणे जमत नसे. दुकानदार पेय किंवा सिगार देई. बव्हेरियातून सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या चार्ल्स फे याने त्याच दशकात तीन रिळांचे ‘लिबर्टी बेल’ बनवून ही अडचण सोडवली. घोड्याचा नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि घंटा एवढीच चिन्हे असल्याने जिंकणाऱ्या जोड्या मोजक्या झाल्या आणि नाणी यंत्रातूनच बाहेर पडू लागली. तीन घंटा लागल्या की 50 सेंट मिळत. पुढे जुगारबंदीच्या काळात बक्षीस म्हणून च्युइंगगम देणारी यंत्रे निघाली आणि रिळांवर फळे आली, तो भाग मनोरंजक असला तरी आपल्या प्रश्नाला लागू नाही.

लागू आहे ती यांत्रिक रिळाची मर्यादा. एका रिळावर 22 थांबे, म्हणजे रिळ थांबू शकेल अशा जागा, धर. तीन रिळांच्या मिळून 22 × 22 × 22, म्हणजे 10,648 जोड्या होतात, आणि प्रत्येक रिळाच्या एकाच थांब्यावर बसवलेले सर्वांत मोठ्या बक्षिसाचे चिन्ह (मोठे चिन्ह) तिन्ही रिळांवर लागण्याची शक्यता 10,648 मध्ये एक राहते. मालकाला तोट्यात न जाता या शक्यतेत बसेल त्यापेक्षा फार मोठे बक्षीस जाहीर करता येत नाही. थांबे किंवा रिळे वाढवली तर यंत्र अवाढव्य होते आणि जिंकणे अवघड आहे हे गिऱ्हाइकाला दिसू लागते.

1984 मध्ये इंगे टेलनेस यांना मिळालेल्या अमेरिकी पेटंटाने ही मर्यादा संपवली. त्यांच्या रचनेत रिळ कोठे थांबेल हे रँडम नंबर जनरेटर, म्हणजे यादृच्छिक आकडे काढणारी यंत्रणा, ठरवतो, आणि त्याने निवडलेला आकडा रिळावरच्या एखाद्या थांब्याला जोडलेला असतो. आकडे थांब्यांपेक्षा जास्त ठेवता येतात. यंत्रात प्रत्यक्षापेक्षा जिंकण्याची संधी अधिक भासली पाहिजे, हा हेतू त्या पेटंटाच्या मजकुरात उघड मांडलेला आहे. सहा बाजू दिसणाऱ्या फाशाला आतून साठ बाजू असाव्यात, तसा हा प्रकार आहे.

हे तू कागदावर स्वतः करून पाहा. 22 थांब्यांच्या रिळाला 64 आकडे जोड. मोठ्या चिन्हाला एकच आकडा दे, आणि त्याच्या लगतच्या वरच्या व खालच्या कोऱ्या थांब्यांना पाच-पाच आकडे दे. आता तिन्ही रिळांवर मोठे चिन्ह लागण्याची शक्यता 2,62,144 मध्ये एक झाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. साध्या यांत्रिक रिळावर मोठे चिन्ह जिंकण्याच्या रेषेवर (जिच्यावरची चिन्हे मोजली जातात) येण्याच्या दुप्पट वेळा रेषेच्या लगत थांबते, कारण शेजारचे थांबे दोनच आहेत. तुझ्या नव्या रिळावर मात्र ते दहापट वेळा लगत थांबेल. ‘थोडक्यात हुकले’ असे खेळणाऱ्याला वाटते, ते या वाटपातून येते. रिळावरची चित्रे मोजून हे वाटप कोणालाही ओळखता येणार नाही. एका कंपनीच्या यंत्रांत हरण्याचा निकाल ठरल्यानंतर ‘जवळ आलेले’ चित्र मुद्दाम निवडून दाखवले जाई. 1989 मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या नियामकांनी त्याला मनाई केली, मात्र आकडे वाटण्याची पद्धत चालू राहिली. माझ्या मते ती रेघ फार अरुंद आखली गेली, कारण खेळणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन्हींचा परिणाम जवळपास तोच होतो.

नोकरीत तुझ्या हातात पार शीट, म्हणजे यंत्राच्या गणिताचा तक्ता, येईल. प्रत्येक चिन्हाला किती आकडे, कोणत्या जोडीला किती बक्षीस आणि परताव्याची टक्केवारी किती, हे सारे तिच्यात असते. नेवाडाच्या नियमांनुसार यंत्राचा सैद्धांतिक परतावा, म्हणजे लावलेल्या रकमेतून सरासरीने परत मिळणारा भाग, किमान 75 टक्के हवा. प्रत्यक्षात तो बहुधा यापेक्षा बराच अधिक ठेवतात. 95 टक्के परतावा म्हणजे 100 डॉलर घेऊन आलेला माणूस 95 डॉलर घेऊन घरी जातो, असा अर्थ नाही. टक्केवारी लावलेल्या एकूण रकमेवर असते. जिंकलेले पैसे पुन्हा लावत तो खेळत राहिला, तर सरासरीने 2,000 डॉलर लावून होईपर्यंत त्याचे 100 डॉलर संपतात. ‘हे यंत्र आता देणार’ ही समजूतही तू मनातून काढून टाक, कारण प्रत्येक फेरी मागच्या फेरीपासून स्वतंत्र असते आणि जनरेटर कोणी खेळत नसतानाही चालूच असतो.

पडद्यावर चालणाऱ्या व्हिडिओ स्लॉटमध्ये तर जिंकण्याच्या वीस रेषांवर मिळून वीस सेंट लावून आठ सेंट परत आले, तरी दिवे लागतात आणि संगीत वाजते. ब्रिटनच्या नियामकाने ऑक्टोबर 2021 पासून ऑनलाइन स्लॉटमध्ये लावलेल्या रकमेइतक्या किंवा त्याहून कमी परताव्याचा असा उत्सव करण्यास मनाई केली आणि दोन फेऱ्यांमध्ये किमान अडीच सेकंदांचे अंतर बंधनकारक केले. असा नियम लिहिण्यासाठी आणि तो पाळला जातो का हे तपासण्यासाठी तुझ्यासारखी शिकलेली माणसे लागतात. म्हणून माझा कल चाचणी प्रयोगशाळेकडे आहे, जेथे दुसऱ्याने केलेले वाटप तू उलगडून तपासशील. गणित तेच राहील, पण ‘जवळ आलेली’ चित्रे वाढवण्याचे उद्दिष्ट तुझ्या टेबलावर येणार नाही.

रचनेच्याच विभागात जायचे असेल, तर सही करण्यापूर्वी कंपनीकडून बाजारपेठांची यादी लेखी माग. गोव्यात 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी मिळाली. महाराष्ट्राने 1976 चा, कधीही अमलात न आलेला कॅसिनो कायदा 2023 मध्ये रद्द केला. आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने देशभर बंदी घातली आहे. तुझा खेळ कोठे चालणार आणि तेथील नियामक वाटपाबद्दल काय विचारतो, हे त्या यादीवरून समजेल. यादी मिळाली की मला पाठव, आपण दोघे मिळून ती वाचू.

तुझा शुभचिंतक