एसी, कूलर, हीटरचे विचित्र वास : तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

यावेळी आलेल्या प्रश्नांमध्ये निम्मे तरी वासाचेच आहेत, आणि बहुतेकांनी फक्त "कसलातरी घाण वास येतो" एवढंच लिहिलंय. वास कसला यापेक्षा तो कधी येतो ते मला जास्त कामाचं असतं. एसी सुरू केल्या केल्या येतो, कॉम्प्रेसर थांबल्यावर येतो, की सगळं बंद असतानाही येतोच, एवढं सांगितलंत तरी अर्धं निदान घरबसल्या होतं.

प्रश्न : स्प्लिट एसी लावला की पहिली पाच-दहा मिनिटं कुबट, न वाळलेल्या मोज्यांसारखा वास येतो, मग कमी होतो. सर्व्हिसिंग करून घेतलं तरी आठवड्याभरात परत सुरू. काय करायचं?

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच आहे. एसी चालू असताना आतल्या कॉईलवर खोलीतल्या हवेतलं पाणी जमतं, ते ट्रेमध्ये पडून पाइपने बाहेर जातं. आपण रिमोटने एसी बंद करतो तेव्हा कॉईल ओलीच असते, शिवाय झडप बंद, आत अंधार, आणि पत्र्यांच्या फटीत धूळ, त्वचेचे कण, स्वयंपाकाचा तेलकट थर असं सगळं साचलेलं, म्हणजे बुरशी आणि बॅक्टेरियाला अजून काय पाहिजे. पुढच्या वेळी पंखा फिरला की तो साठलेला वास एकदम तोंडावर येतो. नंतर कमी वाटतो कारण एक तर कॉईल गार होते आणि दुसरं म्हणजे आपलं नाक त्याला सरावतं, वास गेलेला नसतो. मध्येच कॉम्प्रेसर थांबला आणि पंखा नुसताच फिरत राहिला की कॉईलवरचं पाणी परत हवेत उडतं, तेव्हाही तोच वास येत असेल तर मग शंकाच नको.

आता सर्व्हिसिंग करूनही वास का राहिला, तर बहुतेक वेळा त्यात फक्त जाळ्या धुतात आणि कॉईलवर समोरून पाणी मारतात. खरी घाण असते ती ब्लोअरवर, म्हणजे खालच्या झडपेतून आत दिसतो तो लांबट, रोलरसारखा पंखा. मेन स्विच किंवा एमसीबी बंद करा, मोबाईलचा टॉर्च मारून झडपेतून आत बघा, पात्यांवर काळे ठिपके किंवा राखाडी लोकर दिसली तर वासाचं घर तिथेच आहे. मेकॅनिकला फोनवरच स्पष्ट सांगायचं की ब्लोअर आणि ड्रेन ट्रेसकट धुवायचंय, खाली पिशवी बांधून जेट पंपाने. अॅसिड मारू देऊ नका, कॉईलचे पत्रे अॅल्युमिनियमचे असतात, ते कायमचे खराब होतात. कॉईलसाठी वेगळं क्लीनर मिळतं तेच वापरायचं, नसेल तर सौम्य साबणाचं पाणी चालतं.

पुढे तुमचं काम एवढंच की रोज वापर असेल तर दर दोन आठवड्यांनी जाळ्या साध्या पाण्याने धुवून सावलीत पूर्ण वाळवून लावायच्या, आणि एसी बंद करायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं नुसता फॅन मोडवर ठेवायचा म्हणजे कॉईल वाळते. ऑटो क्लीन नावाचं बटण असेल तर तेही साधारण हेच काम करतं, मात्र ते चालू असताना वैतागून मेन स्विच बंद करू नका. अजून एक, लहान खोलीत मोठ्या टनाचा एसी लावला असेल तर खोली पटकन गार होते, कॉम्प्रेसर लगेच थांबतो आणि हवेतला दमटपणा नीट निघतच नाही, अशा घरात हा वास कितीही धुतलं तरी लवकर परत येतो. जास्त टन म्हणजे जास्त चांगलं असं विकणारे सांगतात, माझं मत उलटं आहे.

प्रश्न : आमच्या बेडरूमच्या एसीतून गटारासारखा वास येतो. बाथरूम लांब आहे. एसी बंद असला तरी थोडा येतोच.

"बंद असला तरी" हे लिहिलंत ते बरं केलंत. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तो खोलीतलीच हवा फिरवत राहतो. मग गटाराचा वास यायला एकच सरळ वाट उरते, ती म्हणजे ड्रेन पाइप. एसीचं पाणी जायला तो पाइप कोणीतरी थेट ड्रेनेजच्या पाइपमध्ये घुसवलेला असणार, मध्ये पाण्याचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारं वळण, न ठेवता. त्यातून घरात एक्झॉस्ट फॅन चालू आणि दारंखिडक्या बंद असतील तर घर हवा ओढायला लागतं आणि ती या पाइपमधून येते.

खात्री करायला पाइपचं खालचं टोक ड्रेनेजमधून बाहेर काढा, ड्रेनेजचं उघडं तोंड कापडाने गच्च बंद करा आणि दोन दिवस एसीचं पाणी रिकाम्या बादलीत पडू द्या. वास गेला तर चोर सापडला. मग एक तर पाइप ड्रेनेजच्या जाळीच्या वर मोकळ्या हवेत सोडायचा नाहीतर मध्ये यू आकाराचा ट्रॅप बसवून घ्यायचा. ट्रॅपमध्ये पाणी भरलेलं असलं तरच तो वास अडवतो, एसी बरेच महिने बंद राहिला की ते सुकतं आणि वास परत येतो, तेव्हा मधूनमधून पाणी ओतत राहायचं. पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवणं हा काहीजणांचा आवडता उपाय आहे पण त्याने हवा अडकते, पाणी उतरत नाही आणि मग इनडोअर युनिटमधून भिंतीवर ओघळ.

आणि हो, वापरात नसलेल्या बाथरूमचा ट्रॅपही असाच सुकतो. एसीला दोष द्यायच्या आधी तिथे एक बादली पाणी ओतून बघा.

प्रश्न : रूम हीटर लावल्यावर कधी जळकट वास येतो, कधी चक्क माशासारखा. घरात मासे आणत नाही!

दोन वेगळे वास आहेत आणि दोघांचं वजन सारखं नाही. बरेच महिने पडून राहिलेला हीटर पहिल्यांदा लावला की कॉईलवरची धूळ जळते, तो कोरडा जळका वास साधारण अर्ध्या-एक तासात जातो. खिडकी उघडी ठेवा, आणि पुढच्या वेळी लावायच्या आधी, प्लग काढलेला असताना, ब्रशने किंवा व्हॅक्यूमने धूळ काढा. हीटपंपवाल्या, म्हणजे गरम हवाही देणाऱ्या एसीत किंवा डक्टच्या हीटिंगमध्येही पहिल्या दिवशी असंच होतं.

माशासारखा वास मात्र गंमत म्हणून सोडून देऊ नका. सॉकेट, प्लग, स्विच यांचं प्लास्टिक आणि वायरवरचं कोटिंग जास्त तापलं की असा उग्र वास येतो, कधी तो जळक्या प्लास्टिकसारखा लागतो तर कधी थेट माशासारखा. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपियर करंट खेचतो आणि तोही तासन्‌तास. सॉकेटची पकड सैल झालेली असेल किंवा हीटर हलक्या एक्स्टेंशन बोर्डवर लावलेला असेल तर तेवढाच भाग तापत राहतो. एमसीबी बंद करा, सगळं गार होऊ द्या, मग प्लग काढून पिना बघा, काळ्या किंवा पिवळट झाल्यात का, सॉकेट वितळल्यासारखं दिसतंय का. असेल तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलायचे, एकच बदलून भागत नाही कारण जळलेली पिन नवीन सॉकेटही खराब करते. हे काम इलेक्ट्रिशियनलाच द्या. तोपर्यंत हीटर "थोडा वेळ" सुद्धा लावायचा नाही.

एसीतून असा वास आला तरी हेच, आधी एमसीबी बंद. आउटडोअर युनिटच्या पीसीबीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, पाल चिकटून शॉर्ट होणं हे ऐकायला विनोदी वाटतं पण मेकॅनिक लोकांना चांगलंच ओळखीचं आहे.

प्रश्न : मेकॅनिक म्हणाला, वास येतोय म्हणजे एसीचा गॅस लीक आहे, भरावा लागेल. खरं आहे का?

नुसत्या वासावरून म्हणाला असेल तर नाही. आर-२२, आर-४१०ए, आर-३२ या गॅसना जवळजवळ वास नसतोच, फार तर जास्त गळती झाली तर कोणाकोणाला हलका गोडसर, इथरसारखा वास जाणवतो. गॅस कमी झाल्याच्या खुणा वेगळ्या, म्हणजे कूलिंग पडणं, कॉईलच्या एका भागावर बर्फ धरणं, कॉपर पाइपच्या जोडावर तेलकट डाग दिसणं. आणि गॅस वापरून संपत नाही, तो बंद पाइपमध्ये फिरत असतो, त्यामुळे कमी झालाय म्हणजे कुठेतरी भोक आहे. दर सीझनला नुसता गॅस भरून जाणाऱ्याला आधी लीक शोधायला सांगा. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे आणि काही एसीत आर-२९० म्हणजे प्रोपेनच असतो, त्यामुळे अशा युनिटवर काम चालू असताना खिडक्या उघड्या आणि आसपास कुठेही ज्योत नको.

पण वास सडक्या अंड्यासारखा असेल तर विषय एसीचा नाहीच, तो जळणाच्या गॅसचा असू शकतो. त्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम तो उग्र वास मिसळतात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीजवळ साठतो, पाइपचा नैसर्गिक गॅस हलका असल्याने वर जातो. दोन्हीत नियम तोच, एकही स्विच चालू करायचा नाही आणि बंदही करायचा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. हाताशी असेल तर सिलेंडरचा किंवा पाइपचा कॉक बंद करा, जाता जाता दारंखिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि फोन बाहेर गेल्यावरच.

प्रश्न : कूलरला पाणवठ्यासारखा शेवाळी वास येतो.

पाणी शिळं झालंय. दर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा, नुसतं वरून पाणी वाढवत गेलं की क्षार आणि घाण आत साचतच राहते. आठवड्यातून एकदा टाकी घासायची. बंद करताना आधी पंप बंद करून पंखा थोडा वेळ चालू ठेवला की पॅड वाळतात. गवताचे पॅड काळे, चिकट झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, बदला. क्षार काढायला व्हिनेगर चालतं पण त्याच वेळी ब्लीच वापरू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. आणि कूलर लावून खिडक्या बंद ठेवत असाल तर वास, घाम, चिकचिक सगळं येणारच.

प्रश्न : एसीच्या जाळीवर रूम फ्रेशनर मारला तर?

नको. स्प्रेमधला वायू आणि सॉल्व्हंट बहुतेक वेळा पेट घेणारे असतात, वर तो चिकट थर कॉईलवर बसून अजून धूळ धरतो. दोन दिवसांनी कुबट अधिक मोगरा असा वास येतो, जो नुसत्या कुबटपेक्षा वाईट.

प्रश्न : गॅस हीटर लावला की कसलाच वास येत नाही, पण डोकं जड होतं. वास नाही म्हणजे काळजी नाही ना?

उलट इथेच काळजी आहे. गॅस, रॉकेल, कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं, घरातल्या दोघातिघांना एकाच वेळी आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटणं, असं असेल तर हीटर आजपासून बंद. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल किंवा भिंतीवर काजळी धरत असेल तर जळण नीट होत नाहीये, पण ज्योत निळी आहे म्हणून निश्चिंतही राहू नका. धुराड्याचा हीटर असला तरी जोरदार एक्झॉस्ट फॅन लावल्यावर धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. हीटर आणि धुराडं दोन्ही तपासून घ्या, झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि शेगडी पेटवून बंद खोलीत कधीच झोपू नका. हीटर चालू असताना कोणी बेशुद्ध किंवा भ्रमिष्टासारखं झालं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत, मग लगेच दवाखाना, आणि डॉक्टरांना हीटरचं आवर्जून सांगायचं.

प्रश्न : एसीतून काहीतरी मेल्यासारखा वास येतोय, सर्व्हिसिंग कालच झालंय.

मग बहुतेक खरंच मेलंय. इनडोअर युनिटच्या मागे पाइपसाठी भिंतीला पाडलेलं भोक बघा, ते बुजवलेलं नसेल तर उंदराचं पिल्लू किंवा पाल तिथून आत येते. मेकॅनिककडून युनिट भिंतीवरून थोडं उचलून साफ करून घ्या, आणि भोक पुट्टीने किंवा फोमने बंद करा, कागदाचा बोळा कोंबून नाही, तो उंदीर कुरतडतात.