साच्याशिवाय शिशाचे छर्रे भराभर कसे बनवायला लागले?

साच्यात छर्रे ओतायचे, मग प्रत्येकाचं शेपूट (साच्याच्या तोंडाशी उरलेलं जास्तीचं शिसं) छाटायचं, हे फार वेळखाऊ काम. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा प्लंबर विल्यम वॉट्स याने चक्क स्वतःच्या घरावर मनोरा चढवला, खाली जमिनीत खोल खणलं आणि १७८२ मध्ये नव्या पद्धतीचं पेटंट घेतलं. वर शिसं वितळवायचं (३२७ अंश सेल्सिअसला वितळतं), त्यात किंचित आर्सेनिक घालायचं आणि चाळणीतून सोडायचं. पडता पडता पृष्ठताणाने (द्रवाचा पृष्ठभाग आक्रसायला बघतो, त्या ओढीने) थेंब गोल होतो, खालच्या पाण्यात पडून थंड होतो. मला तर आर्सेनिकची कमाल वाटते, नुसत्या शिशाचे थेंब असे गोल उतरत नाहीत. तो मनोरा १९६८ मध्ये रस्तारुंदीसाठी पाडला. जपायला हवा होता. घरी मात्र हे करू नका, शिसं आणि आर्सेनिक दोन्ही विषारी आहेत.