बारावीला फ्रेंचमध्ये ९४, आणि बीएच्या वर्गात काही कळेना

"बारावीला ९४ होते हो, आणि आता बाई वर्गात काय बोलतात तेच कळत नाही म्हणते. विषय बदलून टाकू का?" एफवायबीएचं पहिलं सत्र संपताना एक आई मुलीला घेऊन आमच्याकडे सल्ला विचारायला आल्या. फ्रेंच घेतलेल्या मुलांकडून ही तक्रार नेहमीच येते.

९४ खोटे नव्हते. पण बारावीत बहुतेक भर लेखी पेपरवर असतो: व्याकरण, उतारा, भाषांतर. तिथे कानाला फारसं काम नसतं. बीएचा वर्ग मात्र पहिल्या आठवड्यापासून फ्रेंचमधूनच चालतो.

तिला आधी डेल्फ ए-टू परीक्षेचा नमुना पेपर सोडवायला लावला. डेल्फ ही फ्रेंच किती येतं ते तपासणारी परीक्षा, तिच्या चढत्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू. चार भाग, प्रत्येकी २५ गुण. पास व्हायला एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५ लागतात. वाचन २१, लेखन १७, बोलणं ८, ऐकणं ७. बेरीज ५३, म्हणजे पास! नुसती बेरीज पाहिली असती तर दुखणं सापडलंच नसतं.

ऐकण्याचा भाग पुन्हा लावला. 'मला माहीत नाही' याचं पुस्तकी रूप 'ज न से पा' तिला पाठ होतं. ध्वनिफितीतला माणूस 'शे पा' म्हणून मोकळा झाला. 'पार्ल' ऐकलं की 'मी बोलतो' की 'ते बोलतात' हे कळेना, कारण लिहिताना शेपूट वेगळं असलं तरी उच्चार एकच. कर्ता नीट ऐकला तरच उलगडतं, आणि तिचं सगळं लक्ष क्रियापदाकडे.

उपाय रोज वीस मिनिटांचा. टीव्ही-५ मोंद या फ्रेंच वाहिनीच्या शिकणाऱ्यांसाठीच्या साइटवरून ए-टूचा एक मिनिटाचा तुकडा घ्यायचा. संहिता न बघता तीनदा ऐकायचा, कळेल तसा लिहायचा, मग ताडायचा. प्रत्येक चुकीपुढे कारण टिपायचं: शब्दच नवा होता, की ओळखीचा शब्द पुढच्याला जोडून आल्यामुळे निसटला? तिच्या वहीत दुसऱ्या प्रकारच्या चुकाच जास्त निघाल्या. म्हणजे शब्दसंग्रह वाढवत बसण्यात अर्थ नव्हता. तोच तुकडा बोलणाऱ्याच्या वेगाने मोठ्याने म्हणणं गरजेचं होतं. हे जमू लागलं की आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र, त्याचीही संहिता मिळते. इंग्रजी सबटायटल लावून मालिका बघणं बंद, कारण तेव्हा डोळे वाचतात आणि कान सुट्टीवर जातात.

संस्कृतीच्या पेपरची गत वेगळी. ती इंग्रजी नोट्स अ‍ॅपमधून फ्रेंच करून पाठ करत होती. एखादं वाक्य विसरलं की पुढचं सगळं कोसळायचं. १९०५ चा धर्मसंस्था आणि शासन वेगळे करणारा कायदा घ्या: काय ठरलं, का ठरलं, आज शाळेत त्यावरून वाद कसा होतो, एवढं स्वतःच्या सहा साध्या वाक्यांत लिही, असं तिला सांगितलं. वाक्यं बाळबोध असली तरी चालतील, स्वतःची हवीत.

आईंचा खरा प्रश्न नोकरीचा होता, तो शेवटी आला. भाषांतर, परदेशी ग्राहकांशी संपर्क, शिकवणं, कुठेही गेलं तरी किमान बी-टू पातळी धरून चालावं. त्या परीक्षेत तासाभरात २५० शब्दांचा मुद्देसूद मजकूर लिहावा लागतो. शून्यापासून तिथवर साधारण साडेपाचशे-सहाशे तास शिकणं लागतं, आणि कॉलेजचे तास एकटे पुरतीलच असं नाही. एसवायच्या अखेरीस बी-वन हातात असलं तर फ्रान्समधल्या शाळांत इंग्रजीचे सहायक म्हणून सात महिने जाण्याच्या योजनेचाही विचार करता येतो.

विषय बदलावाच, असं आम्ही एकाच परिस्थितीत सांगतो: भाषा आवडते, पण कथा-कविता वाचायचा मनापासून कंटाळा येतो. बीएत साहित्य टळत नाही. अशा मुलीने पदवी दुसऱ्या विषयात करावी आणि फ्रेंच अलियान्स फ्रान्सेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत किंवा पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या अर्धवेळ वर्गात शिकावं. हिला मात्र वर्गातली लघुकथा आवडली होती, फक्त ती वाचून दाखवली जाताना कळली नव्हती. तिने फ्रेंच ठेवलं.