लिस्बनचे चढ आणि एक दुखरा गुडघा

प्रश्न : मुलगी नोकरीनिमित्त पोर्तूला असते. मेमध्ये तिच्याकडे जाणार आहोत. त्यातले पाच दिवस लिस्बनमध्ये आम्ही दोघंच. बेलेमचा मनोरा, मोठा मठ वगैरे ती नंतर दाखवणार आहे. आम्हाला गल्लीबोळ बघायचेत. पण माझा उजवा गुडघा दुखरा आणि यांना थांबणं म्हणून माहीत नाही. प्रवासात आमचं रोज वाजतं. काय करावं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी भांडणाचं बघू, ठिकाणं मागाहून. लिस्बनमध्ये दिवसभर बरोबर फिरूच नका. आम्ही दोघं ग्रासा भागात अकरा दिवस राहिलो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पहिले दोन दिवस मी यांच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे बघत चालले. तिसऱ्या दिवशी तह झाला : नऊ ते साडेअकरा ज्याने त्याने आपापल्या वाटेने जायचं, मग ठरलेल्या बाकावर भेटायचं. त्यानंतर जेवताना दोघांकडेही सांगण्यासारखं काहीतरी असायचं. लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर ही चैनच.

आता गुडघा. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने शहराचा सखल भाग जमीनदोस्त झाला. तो राजाचा मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्केसने आखीवरेखीव रस्ते काढून पुन्हा उभारला. त्यातला एक रस्ता ‘रुआ दुश फांकेइरुश’. फांकेइरो म्हणजे कापडवाला, तेव्हा ही त्यांची कापडआळीच. तिथे एका साध्या इमारतीच्या दारातून फुकट लिफ्ट मिळते. वर निघालात की समोरचा छोटा चौक ओलांडायचा आणि सुपरमार्केट असलेल्या इमारतीत दुसरी लिफ्ट धरायची. थेट टेकडीवरच्या जुन्या किल्ल्याच्या अंगाला पोचता, तेही घाम न गाळता. उतरतानाही लिफ्टच घ्या, कारण दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त छळतो. चढावर रुळांवरून केबलने ओढल्या जाणाऱ्या जुन्या डब्यांवर मात्र विसंबू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यातल्या ग्लोरिया नावाच्या मार्गावरच्या डब्याला भीषण अपघात झाला, माणसं गेली. कुठला डबा चालू आहे ते तिथेच विचारा. आणि रबरी तळव्याचे बूट न्या. पदपथांचे पांढरे चुनखडीचे चौकोनी दगड लाखो पावलांनी गुळगुळीत झालेत. पावसाची एक सर आली की शेवाळलेला घाट परवडला.

तुमच्या एकटीच्या सकाळीसाठी : रोस्सियू चौकाच्या मागे साँव दोमिंगुशचं चर्च आहे. भूकंपात ते पडलं, पुन्हा बांधलं, १९५९ मध्ये आतून जळालं. १९९४ मध्ये दारं उघडली तेव्हा दुरुस्ती झाली होती, पण जखमा झाकल्या नव्हत्या. आगीने तडकलेले, पापुद्रे निघालेले खांब तसेच उभे आहेत. मी तिथे पाऊण तास बसले. बाहेरच्या चौकात एप्रिल १५०६ मध्ये इथे सुरू झालेल्या ज्यूंच्या कत्तलीचं स्मारक आहे, तेही चुकवू नका. आमचे हे आत डोकावून लगेच बाहेर गेले. त्याच चौकात चेरीच्या दारूचं, जिंजिन्याचं, हातभर दुकान आहे. दहा मिनिटांनी बाहेर बघते तर शिष्टपणे बी थुंकत उभे.

तिथून मोरारिया जवळच. ११४७ मध्ये शहर ख्रिस्ती राजाने जिंकलं तेव्हा उरलेल्या मुसलमानांना, म्हणजे ‘मूरां’ना, या वस्तीत ठेवलं, त्यावरून हे नाव. इथल्या एका बोळाचं नाव ‘बेकू दश फारिन्यश’, पिठांचा बोळ. त्याच्या भिंतींवर कॅमिला वॉटसन या छायाचित्रकार बाईंनी वस्तीतल्याच म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फोटो उमटवलेत. मी एका आजींचा फोटो बघत होते. वरच्या खिडकीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई खाणाखुणांनी म्हणाल्या, ती शेजारीण, आता नाही. फोटोवर धुण्याचं पाणी ठिबकत होतं.

एकत्र बघायचं म्हणाल तर साँव विसेंत द फोरा हा मठ. निळ्या फरशांसाठी लोक जातात, पण वरच्या मजल्यावर ला फोंतेनच्या प्राणिकथांचे ३८ फरशीपट आहेत. हा फ्रेंच कवी १६७८ च्या आपल्या दुसऱ्या कथासंग्रहाच्या प्रारंभी सांगतो की यातलं बरंच मी पिलपाय नावाच्या भारतीय ऋषीकडून घेतलं. म्हणजे आपलं पंचतंत्रच, अरबी-फारसी वळसे घेत तिथवर गेलेलं! शेजारी सांता एंग्रासियाचा घुमट. काम सुरू १६८२, पूर्ण १९६६. आपण मारुतीचं शेपूट म्हणतो, तसं रेंगाळलेल्या कामाला पोर्तुगीज लोक ‘सांता एंग्रासियाचं बांधकाम’ म्हणतात. मंगळवारी आणि शनिवारी त्याच्या पायथ्याशी जुना बाजार भरतो.

यांचा शोध म्हणजे प्राझेरेशचं कबरस्तान. १८३३ च्या पटकीच्या साथीत सुरू झालं, आणि प्राझेरेश म्हणजे चक्क ‘सुखं’! कुटुंबांच्या समाध्या म्हणजे छोटी घरं. काचेचं दार, क्रोशाचे पडदे, आत फळ्यांवर शवपेट्या. मला धसका बसला, यांना फार आवडलं. मात्र प्रसिद्ध २८ नंबरची ट्राम इथून सुटते, बसायला जागा मिळते. दुसऱ्या टोकाला चढलात तर उभं राहून पाकीट सांभाळा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. पोर्तुगालमध्ये उपासमार होईल का?
— एक दांपत्य, नाशिक

उत्तर : होणार नाही, कंटाळा मात्र येईल. ‘काल्दु व्हेर्द’ या बटाटा नि हिरव्या कोबीच्या सुपात सॉसेजची चकती टाकतात, म्हणून ‘सें शोरिसू’ म्हणा आणि रस्सा कशाचा तेही विचारा. तिथल्या ‘शामुसा’त, म्हणजे समोशात, बहुतेकदा मांस असतं. गोव्यावरून गेलेला हा पदार्थ तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. न मागता टेबलावर आलेल्या पाव-ऑलिव्हचे पैसे लावतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. पाव, बटाटा, कोबी हे शब्द मात्र ओळखीचेच भेटतील. यांनी पाट्या वाचून चावी, साबण, बादली, लिलाव असे सव्वीस शब्द वहीत टिपले.

प्रश्न : तिथे कुणी आपलं माणूस भेटतं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भेटतं. जुन्या बाजारात आम्ही पितळी अडकित्त्यासारखं काहीतरी उलटसुलट करत मराठीत वाद घालत होतो. पलीकडच्या खुर्चीतले म्हातारे विक्रेते कोकणीत म्हणाले, “तुमी खंयचीं?” जन्म मडगावचा, १९६१ च्या आधी आलेले, नंतर एकदाच गेलेले. आम्ही वाईचे म्हटल्यावर त्यांना वाई काही कळेना. महाबळेश्वर सांगितल्यावर मान डोलावली. मग पुढे वाकून विचारलं, मानकुराद आंबा हल्ली डझनाला काय भाव? आम्हाला कुठला माहीत असायला! यांनी ठोकून दिलं, दोन हजार. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि बोटांवर युरो मोजायला लागले. तुम्ही जाणार असाल तर खरा भाव विचारून जा. ते मंगळवारी बसतात.