विचारा बिनधास्त : खांब मातीत गाडायचा की तळखड्यावर ठेवायचा?

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही कोलंबसच्या (ओहायो) बाहेर पाच एकर जागा घेतलीय. मला सुतारकामाचा नाद, पण गराजमध्ये गाडी आणि टेबल सॉ एकत्र नांदत नाहीत, त्यामुळे आता मागच्या बाजूला ४० बाय ६० फुटांचं वर्कशॉप बांधायचं डोक्यात आहे, एका कोपऱ्यात गाडी उचलायची टू-पोस्ट लिफ्टपण हवीय. इकडे ज्याला विचारावं तो म्हणतो पोल बार्न बांध, म्हणजे पोस्ट-फ्रेम, स्वस्तात होतं. पण बाबा सध्या पुण्याहून आलेत आणि ते म्हणतायत लाकूड मातीत गाडून कोणी बांधकाम करतं का, दहा वर्षांत कुजेल. खरं काय? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर : बाबांना माझा नमस्कार सांगा, ते निम्मं बरोबर बोलतायत. आपल्याकडे जुन्या वाड्यात लाकडी खांब कधी मातीत नसायचा, खाली दगडाचा तळखडा आणि त्यावर खांब, ओल आणि वाळवी दोन्ही लांब. बाबांनी आयुष्यभर ते बघितलंय त्यामुळे त्यांना हे विचित्र वाटणारच.

आता पोस्ट-फ्रेम म्हणजे काय ते सांगतो. नेहमीच्या घराला चारी बाजूंनी सलग पाया खणतात, इथे तो नसतो. आठ-आठ फुटांवर खड्डे, त्यात जाड खांब, खांबांच्या डोक्यावर कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे, ट्रस), खांबांना बाहेरून आडव्या पट्ट्या (गर्ट) आणि त्यावर पत्रा. आपण भाषणात मुहूर्तमेढ मुहूर्तमेढ करतो ना, तर इथे खरोखरच मेढ रोवून सुरुवात होते! १९३०च्या दशकात मंदीत इथल्या शेतकऱ्यांसाठी स्वस्तात शेड उभी करायची ही पद्धत निघाली, तेव्हा विजेच्या तारांना असतात तसे गोल खांब वापरायचे म्हणून नाव पोल बार्न. आता चौकोनी ६ बाय ६ इंची किंवा तीन फळ्या एकत्र जोडून केलेले खांब येतात, आणि मला विचाराल तर जोडलेलाच घ्या, अख्खा खांब वाळताना पीळ खातो आणि मग पत्रा लावणारा शिव्या देतो.

कुजण्याचं म्हणाल तर खांब तळाशी कुजत नाही, चार फूट खाली हवाच कमी असते. कुजतो तो जमिनीच्या रेषेपाशी, वरखाली काही इंच, जिथे पाणीही मिळतं आणि हवाही. म्हणून लाकडाला स्टेपल केलेला बारका टॅग असतो तो चष्मा लावून वाचा, त्यावर यूसी४बी (जमिनीत गाडायच्या खांबांसाठीचा दर्जा) लिहिलेलं पाहिजे. दुकानात डेकसाठी ठेवलेलं हिरवट लाकूड दिसायला सेम पण बऱ्याचदा खालच्या दर्जाचं असतं. आणि खांब कापून उंची जुळवायची तर वरून कापा, कापलेलं टोक खड्ड्यात घालू नका कारण औषध गाभ्यापर्यंत पोचलेलं असेलच असं नाही. पूर्वी आर्सेनिकवालं सीसीए औषध सर्रास असायचं, २००३च्या अखेरीस ते घरगुती वापरातून गेलं, आता जी तांब्याची औषधं आहेत ती साधा खिळा खातात, तेव्हा त्या लाकडाला हॉट-डिप गॅल्वनाइज्डच खिळे-बोल्ट.

तरीही बाबांचं समाधान नाही झालं तर तळखडा इथेही मिळतो 😀 काँक्रीटचा तयार पाय येतो, तो जमिनीत जातो आणि लाकूड वर राहतं, किंवा काँक्रीटच्या पिअरमध्ये (खड्ड्यात ओतलेल्या खांबामध्ये) लोखंडी ब्रॅकेट बसवून त्यावर खांब. मी आज बांधलं असतं तर काँक्रीटचा पाय घेतला असता. ब्रॅकेटला एक मेख आहे, गाडलेला खांब वाऱ्याला जसा ताठ उभा राहतो तसा ब्रॅकेटवरचा राहत नाही, तो बिजागरीसारखा वागतो, म्हणजे वाऱ्याचा हिशोब इंजिनिअरला वेगळा करावा लागतो. किटवाल्याला (शेडचं तयार सामान विकणाऱ्याला) तेवढं विचारा, तो गडबडला तर पुढचा किटवाला बघा.

आता खड्डा, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात. खोली सगळे विचारतात, रुंदी कोणी विचारत नाही. तुमच्याकडे माती साधारण ३२ ते ३६ इंच गोठते, खड्डा चार फूट घेतात, ते ठीक. पण रुंदीचं गणित स्वतः करून बघा. ४० फुटी कैचीचं अर्धं वजन एका बाजूला, म्हणजे एका खांबावर २० गुणिले ८, १६० चौरस फूट छप्पर. चौरस फुटाला बर्फ २० पौंड आणि छपराचं स्वतःचं १० पौंड धरा, झाले ४८०० पौंड. साध्या मातीची ताकद चौरस फुटाला २००० पौंड धरतात, म्हणजे तळाला २.४ चौरस फूट काँक्रीट हवं, म्हणजे जवळजवळ २१ इंचाचा गोल. आणि आपला मित्र शनिवारी भाड्याने जो ऑगर (खड्डे पाडायचं यंत्र) आणतो तो असतो १२ इंची, त्याच्या खड्ड्याचा तळ भरतो पाऊण चौरस फुटाच्या आसपास! बिल्डिंग पडत नाही हो लगेच, पण चार हिवाळ्यांनी एक खांब इंचभर बसतो आणि मोठा दरवाजा अडकायला लागतो. (हे माझं ढोबळ गणित आहे, आकडे तुमच्या काउंटीचे आणि सही इंजिनिअरची.) तळाला तयार काँक्रीटच्या चकत्या टाकतात, त्यांना इथे कुकी म्हणतात, नावासारख्याच मोडतात कधीकधी. त्यापेक्षा जागेवर ओतून घ्या.

अजून एक, जागा उताराची असेल आणि तुम्ही दोन फूट भर टाकून सपाट केली तर ती भर खोलीत मोजायची नाही, खांब मूळच्या न हललेल्या मातीत जायला पाहिजे.

लांबी-रुंदीबद्दल बिनमागता सल्ला देतो. ६० ला ८ ने भाग जात नाही. मग एक बे (दोन खांबांमधला गाळा) चार फुटाचा अर्धवट राहतो, नाहीतर खांब दहा फुटांवर घ्यावे लागतात. पत्रा तीन फूट झाकतो. ८ आणि ३ दोन्हीने भाग जाणारा आकडा बघा, ४८ किंवा ७२. ४८ मध्ये तुमचं काम होईल असं मला वाटतं, पण प्रत्येक वर्कशॉपवाला वर्षभराने म्हणतो अजून एक बे घ्यायला हवा होता (मीपण म्हणतो), तेव्हा घरी विचारून ठरवा.

आता माझी फजिती ऐका. मी इंडियानात माझं शेड बांधलं तेव्हा आमिश (जुन्या रीतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) लोकांची टोळी आली होती, पाच जण आणि त्यांना गाडीतून आणणारा एक ड्रायव्हर कारण ते स्वतः गाडी चालवत नाहीत. पहाटे साडेसहाला सुरू. पहिले दोन खड्डे कोरडे, तिसऱ्याच्या तळाला पिवळ्या चिकणमातीतून पाणी झिरपायला लागलं, तर त्यातला सगळ्यात लहान पोरगा, असेल सोळाचा, न बोलता डबा घेऊन पालथा पडला आणि पाणी उपसलं, हाताने तळाचा चिखल खरवडून काढला आणि मगच काँक्रीट ओतू दिलं. असं काम. त्यांची काहीच चूक नव्हती, चूक माझी. कैच्या मागवताना फॅक्टरीवाल्याने विचारलं सीलिंग करणार का, मी म्हटलं बघू पुढे. तो "बघू पुढे" मला महागात पडला. शेतीच्या शेडची कैची वरून बर्फ पेलायला बनवलेली असते, खालच्या दांड्याला काही टांगायचं धरलेलंच नसतं. दोन वर्षांनी मला इन्सुलेशन हवं झालं तेव्हा ड्रॉइंग काढून बघितलं तर खालच्या दांड्याला चौरस फुटाला १ पौंड! ड्रायवॉलच (जिप्समचे बोर्ड) त्यापेक्षा जड. मग इंजिनिअरला पैसे देऊन प्रत्येक कैचीला कुठे काय लाकूड जोडायचं त्याची ड्रॉइंग्ज करून घेतली आणि अख्खा हिवाळा शिडीवर मान वर करून काढला, बायको अजून त्या मानेला "तुमची कैची" म्हणते. तुम्ही ऑर्डर देतानाच सांगा, सीलिंग करणार आहे, पातळ पत्र्याचं केलं तरी किमान ५ पौंड, ड्रायवॉल असेल तर १०. कैचीच्या दरात तेव्हा फार फरक पडत नाही. आणि हो, १० पौंड वाढवले की वरच्या गणितात ४८०० चे ६४०० होतात आणि खड्डा २४ इंचावर जातो, म्हणजे हा निर्णय खड्डे खणायच्या आधीचा आहे.

लिफ्टसाठी आत १२ फूट मोकळी उंची धरा, आणि लिफ्टच्या पायाखाली कोबा जाड हवा, बाकी ठिकाणी ४ इंच चालतो, तिथे ६ करा आणि जागा आधीच खडूने आखून ठेवा. कोबा छप्पर झाल्यावर ओततात, पावसाची आणि उन्हाची भीती नाही, पण ट्रकची काँक्रीट ओतायची पन्हळ आत पोचायला दरवाज्याची जागा उघडी ठेवा. ४० बाय ६० ला ४ इंचाने साधारण ३० घनयार्ड काँक्रीट लागतं, म्हणजे तीन-चार ट्रक. खाली दाबलेली खडी आणि त्यावर जाड प्लास्टिक, यात कंजूषी नको, का ते खालच्या प्रश्नात कळेल. पुढे कधी फ्लोअर हीटिंग करायची दहा टक्के जरी शक्यता असेल तरी फोम आणि पाइप आत्ताच टाका, नंतर कोबा फोडून कोणी टाकत नाही.

विजेचं थोडक्यात: १०० अँपचा सबपॅनल (शेडमधला वेगळा वीज-बोर्ड), घरून तिथवर चार वायरींचा फीडर, सबपॅनलमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंड वेगळे, शेडला स्वतःचा ग्राउंड रॉड. पीव्हीसी कंड्युइट १८ इंच खोल. खणण्याच्या काही दिवस आधी ८११ ला फोन (जमिनीखालच्या लाइन्स येऊन दाखवतात), फुकट आहे, पण ते तुमची खासगी सेप्टिक किंवा प्रोपेनची लाइन दाखवत नाहीत, ती तुम्हालाच शोधायची.

आणि सुरुवात कुठून विचारलंत तर काउंटीच्या ऑफिसातून. हद्दीपासून किती फूट, किती उंच, किती मोठं चालतं. शेजारी सांगेल की शेतीचं शेड म्हणून दाखव, परमिट लागत नाही. तुमची टेबल सॉ काय दूध देते का? उद्या आग लागली तर इन्शुरन्सवाला पहिला तोच कागद मागेल. जमिनीच्या खरेदीखतातल्या अटीही वाचा, काही ठिकाणी पत्र्याची इमारत चालत नाही असं लिहिलेलं असतं.

प्रश्न : मिनेसोटात राहतो, मागच्या उन्हाळ्यात ३० बाय ४० चं पोल बार्न पूर्ण झालं, खाली कोबा केला, बर्फाळ दिवसात प्रोपेनचा टॉर्पीडो हीटर लावून काम करतो. डिसेंबरपासून आत पाऊस पडतोय, खरंच थेंब, माझ्या रंध्यांना गंज चढलाय. बिल्डर म्हणतो छप्पर गळत नाही. खोटं बोलतोय का?

उत्तर : नाही हो, बहुतेक खरंच बोलतोय. फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तो तांब्याला भोक असल्यामुळे नाही. बाहेर उणे वीस, पत्रा बर्फासारखा, आतली ओलसर गरम हवा जाऊन त्याला चिकटते, पाणी होतं आणि टपकतं.

पाणी येतं कुठून, तर मुख्य गुन्हेगार तुमचा हीटर. प्रोपेन जळाला की वाफ होते, एक गॅलन प्रोपेनमागे पाऊण गॅलनच्या वर पाणी हवेत, आणि तुमच्या हीटरला धुराडं नाही त्यामुळे सगळं आतच. म्हणजे तुम्ही हीटर नाही, पाण्याची किटली लावलीय. त्यात नवा कोबा कित्येक महिने ओल सोडत राहतो, गाडीवरचा बर्फ वितळतो, आणि कोब्याखाली प्लास्टिक नसेल तर जमीनही देते.

आज करायचं ते: टॉर्पीडो बंद, कार्बन मोनॉक्साइडच्या दृष्टीनेही ते बरं. बाहेर नळी जाणारा हीटर घ्या. उन्हाळ्यात सीलिंग करा, उबदार बाजूला वाफ अडवणारं प्लास्टिक, वर इन्सुलेशन, आणि त्याच्या वरची पोकळी हवेशीर, खाली छज्ज्यातून हवा आत आणि आढ्यातून बाहेर. (सीलिंगआधी कैचीचं ड्रॉइंग बघा, वरची माझी मान आठवा.) पत्र्याच्या आतल्या बाजूला लोकरीसारखा थर येतो जो ओल धरून ठेवतो आणि नंतर सोडतो, तो चांगला, पण फॅक्टरीतच चिकटवून येतो. पत्र्यावर फोम फवारायचा सल्ला बरेच जण देतील, चालतो, पण पुढे गारपिटीत एक पत्रा बदलायची वेळ आली की कळतं किती घट्ट बसलाय.

रंध्यांना रॉकेलने पुसा आणि मेणाचा हात द्या, ते जगतील.

प्रश्न : भाचा अमेरिकेत असलं शेड बांधतोय, त्याचे फोटो बघून मलाही सिन्नरजवळच्या जागेत फर्निचरच्या वर्कशॉपसाठी तसंच करावंसं वाटतंय. जमेल का?

उत्तर : जमेल, पण लाकडात कशाला? तिकडे लाकूड गल्लीत मिळतं आणि वेल्डर महाग, आपल्याकडे बरोबर उलटं. तेवढं औषध मुरवलेले सरळ खांब शोधण्यातच तुमचा उन्हाळा जाईल, आणि वाळवी वाट बघत असेलच. एमएसचे (साध्या पोलादाचे) खांब, खाली काँक्रीटच्या पेडेस्टलवर बेस प्लेट आणि बोल्ट, वर लोखंडी कैच्या, पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या), पत्रा, हे आपल्या फॅब्रिकेटरला डोळे मिटून येतं.

भाच्याकडून दोनच गोष्टी उचला. पहिली, खांबांमधलं अंतर आधी ठरवा आणि मग शेडची लांबी, उलटं नको. दुसरी, पत्र्याखाली इन्सुलेशन घाला, त्याला थंडीसाठी लागतं, तुम्हाला एप्रिलमधल्या दुपारसाठी लागेल. आणि फॅब्रिकेटरला वाऱ्याचा विचार केलास का हे विचारा, तो "साहेब काय होत नाय" म्हणाला तर पेडेस्टलचं माप आणि बोल्टची खोली कागदावर लिहून घ्या, कारण वळवाच्या वाऱ्यात शेड खाली बसत नाही, वर उचललं जातं.